बायोप्सीच्या दिवशी प्रेशरची गोळी चुकवू नका

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या गावातून सकाळी बांबोळीच्या इस्पितळात वेळेवर पोहोचायचे, तर घरातून पहाटेच निघावे लागते. स्तनातील गाठीच्या बायोप्सीसाठी बोलावलेली महिला बहुधा उपाशीपोटीच बाहेर पडते. 'इस्पितळात जायचे, म्हणजे काही खायचे नाही' असा समज घरोघरी रुजलेला आहे. प्रेशरची गोळी जेवणानंतर किंवा न्याहारीनंतर घ्यायची सवय असल्याने खाणे टळले की गोळीही टळते. त्यात रात्रीची अपुरी झोप, प्रवासाचा शीण आणि 'कॅन्सर तर नसेल ना' ही मनातील धास्ती. अशा अवस्थेत दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला की आकडा १८०च्या पुढे गेलेला दिसतो. मग डॉक्टर तपासणी पुढे ढकलतात आणि महिला घरी परतते. पुढची तारीख कधी चतुर्थीत येते, कधी काजूच्या हंगामात, कधी घरातील लग्नकार्यात. पाहता पाहता दोन-तीन महिने निघून जातात.

उच्च रक्तदाब आणि स्तनाच्या बायोप्सीनंतरचा रक्तस्राव यांचा संबंध नेमका कसा आहे, हे म्हणूनच प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे. हा संबंध खरा असला, तरी तो भीती बाळगावी इतका मोठा नाही. भीतीपोटी तपासणी लांबवण्यात मात्र मोठा धोका आहे.

तपासणी मोहिमेनंतरचा टप्पा

भारतीय महिलांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक कर्करोग नोंदींच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार महिलांचा त्याने मृत्यू झाला. मृत्यूंचे हे मोठे प्रमाण मुख्यत्वे उशिरा होणाऱ्या निदानामुळे आहे.

गोव्यात २०२१ साली राज्य सरकारने क्रिकेटपटू युवराज सिंग यांच्या 'यूवुईकॅन' फाऊंडेशनच्या सहकार्याने 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही मोहीम हाती घेतली. एक लाख महिलांच्या स्तनांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट होते. त्यासाठी हातात धरून वापरता येणारे एक छोटे उपकरण आरोग्य केंद्रांत उपलब्ध करून देण्यात आले. हे उपकरण स्तनावरून फिरवल्यावर ऊतींच्या कठीणपणातील फरक टिपते. त्यात क्ष-किरणांचा वापर होत नाही आणि वेदनाही होत नाहीत.

असे उपकरण फक्त संशय दाखवते. संशय आल्यास सोनोग्राफी वा मॅमोग्राफी करावी लागते आणि त्यातही शंका उरली, तर बायोप्सी. गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचा निर्णय बायोप्सीनेच होतो. त्यामुळे प्राथमिक तपासणी कितीही व्यापक झाली, तरी पुढच्या टप्प्यावर महिला मागे फिरली तर त्या तपासणीचा उपयोग होत नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांवर केलेला दीर्घ अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि ५० वर्षे व त्यावरील महिलांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. संशयित गाठींची पुढची तपासणी आणि उपचार वेळेवर झाले, तरच असा लाभ हाती लागतो.

या वयातच रक्तदाबाचे प्रमाणही वाढलेले असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. त्याच पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, नोंदवले गेले. म्हणजे बायोप्सीसाठी येणाऱ्या गोमंतकीय महिलेच्या पिशवीत प्रेशरची, मधुमेहाची किंवा हृदयविकाराची गोळी असण्याची शक्यता बरीच आहे.

सुई किती मोठी, जखम किती खोल?

स्तनाच्या गाठीची तपासणी अनेक प्रकारे होते. बारीक सुईने पेशी ओढून घेणे हा सर्वांत साधा प्रकार. ही सुई इंजेक्शनच्या सुईइतकीच असते आणि रक्तस्राव जवळजवळ नगण्य असतो. आज निदानासाठी अधिक विश्वासार्ह मानली जाते ती 'कोअर बायोप्सी'. तीत साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या पोकळ सुईने गाठीचे बारीक दोऱ्यासारखे काही तुकडे काढतात. त्यापूर्वी त्वचा आणि आतील भाग बधिर केला जातो. तिसऱ्या प्रकारात निर्वात दाबाच्या साहाय्याने, अधिक जाड सुईतून जास्त ऊती काढून घेतल्या जातात. चौथा प्रकार शस्त्रक्रियेचा. त्यात गाठ पूर्ण किंवा अंशतः कापून काढतात.

सुई जितकी जाड आणि छेद जितका मोठा, तितकी रक्तस्रावाची शक्यता अधिक. तरीही सुईने केलेल्या बायोप्सीत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. थोडे रक्त येणे आणि नंतर काळे-निळे डाग पडणे मात्र सामान्य आहे. त्याला गुंतागुंत समजू नये.

स्तनाची जागा शरीराच्या पृष्ठभागाजवळ आहे, हा यातला सर्वांत मोठा दिलासा. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत सुई शरीरात खोलवर जाते, तेथे बाहेरून दाब देता येत नाही आणि रक्तस्राव लगेच दिसतही नाही. म्हणूनच मूत्रपिंडाच्या बायोप्सीपूर्वी रक्तदाब नियंत्रणात आणण्याबाबत डॉक्टर फार काटेकोर असतात. स्तनाच्या बाबतीत सुई बाहेर येताच तळहाताने घट्ट दाब देता येतो आणि बहुतेक रक्तस्राव तेवढ्यानेच थांबतो. त्यामुळेच क्ष-किरण तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्तनाची सुईबायोप्सी रक्तस्रावाच्या दृष्टीने कमी जोखमीच्या प्रक्रियांमध्ये गणली जाते.

रक्तदाब वाढला तर काय होते?

रक्तवाहिनीला सुईचा छेद गेला की शरीर तीन पातळ्यांवर काम सुरू करते. वाहिनी आकसते, रक्तातील बिंबिका छिद्रापाशी गोळा होऊन बूच तयार करतात आणि नंतर रक्त गोठवणारे घटक त्या बुचाला बळकटी देतात. रक्तदाब जास्त असला, म्हणून रक्ताची गोठण्याची क्षमता कमी होते असे नाही. मात्र आतून येणारा जोर वाढलेला असतो. भरलेल्या टाकीच्या नळाला चीर पडली आणि ती चिकणमातीने बुजवली, तर पाण्याचा जोर जितका अधिक, तितकी माती टिकण्यास वेळ लागतो. तसेच येथे घडते. रक्त थांबण्यास काही मिनिटे जास्त लागतात आणि नुकतेच धरलेले बूच सुटण्याची शक्यता थोडी वाढते.

स्तनातील ऊती मऊ असतात. वय वाढते तसे त्यांतील चरबीचे प्रमाणही वाढते. अशा मऊ जागेत रक्त आतल्या आत पसरू शकते. ते साचून गाठीसारखे लागू लागले की डॉक्टर त्याला हिमॅटोमा म्हणतात. लहान हिमॅटोमा काही आठवड्यांत आपोआप विरून जातो. मोठा असल्यास दुखतो आणि क्वचित तो काढावा लागतो. नंतरच्या सोनोग्राफीत वा मॅमोग्राफीत तो चित्र धूसर करू शकतो, म्हणून पुढच्या तपासणीवेळी बायोप्सीची तारीख आणि बाजू सांगणे आवश्यक ठरते.

किती आकड्याला तपासणी थांबते?

स्तनाच्या सुईबायोप्सीसाठी रक्तदाबाची एकच ठरलेली मर्यादा नाही. नियोजित शस्त्रक्रियांबाबत मात्र एक सर्वमान्य रेषा आहे. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० वा त्याहून अधिक असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार करावा, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. अनेक डॉक्टर बायोप्सीसाठीही हीच रेषा डोळ्यांसमोर ठेवतात. त्याखालील रक्तदाब, उदाहरणार्थ १५० किंवा १६०, हा सुईबायोप्सी नाकारण्याचे कारण सहसा ठरत नाही.

शिवाय पहिला आकडा खरा असेलच असे नाही. इस्पितळाच्या वातावरणानेच अनेकांचा रक्तदाब वाढतो. जिने चढून आल्यावर लगेच, बोलता बोलता किंवा लघवी तुंबवून ठेवलेली असताना घेतलेली नोंदही फसवी असते. किमान ५ मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पावले जमिनीवर ठेवून आणि हात हृदयाच्या पातळीवर आणून घेतलेली नोंद विश्वासार्ह मानतात. त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी वा तंबाखू घेतलेली नसावी. एक नोंद जास्त आली तर थोड्या वेळाने दुसरी घ्यावी. घरी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात घेतलेल्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी सोबत असल्यास डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते.

रक्तदाब खाली आणण्याची घाईही घातक ठरू शकते. वाढलेला आकडा पाहून जिभेखाली गोळी ठेवण्याची किंवा शेजारणीची गोळी घेण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. रक्तदाब एकाएकी कोसळल्यास मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. त्रास होत नसेल, तर रक्तदाब काही दिवसांत हळूहळू नियंत्रणात आणणे हाच सुरक्षित मार्ग आहे. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा दृष्टी अंधुक होणे अशी लक्षणे असल्यास तो तातडीचा प्रसंग समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खरा घोळ दोन गोळ्यांचा

बायोप्सीच्या संदर्भात सर्वाधिक गोंधळ होतो तो दोन वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्यांमुळे. एक रक्तदाब कमी करणारी आणि दुसरी रक्त पातळ करणारी. पन्नाशी-साठीनंतर अनेकांना दोन्ही एकदम चालू असतात. घरी बोलताना मात्र दोहोंनाही 'प्रेशरची गोळी' असेच म्हटले जाते. मग 'तपासणीपूर्वी गोळी बंद करायची असते' असे कोणाकडून तरी ऐकून महिला सर्वच गोळ्या बंद करते. परिणामी रक्तदाब वाढतो. उलट बाजूने, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना कळतच नाही.

यातील नियम साधा आहे. रक्तदाबाची गोळी बायोप्सीच्या दिवशीही नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. सुईबायोप्सी केवळ जागा बधिर करून होते, त्यामुळे सहसा उपाशी राहण्याची गरज नसते. पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा उपास आवश्यक असतो आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या आदल्या दिवसापासून थांबवाव्याही लागतात. पण तो निर्णय भूलतज्ज्ञ घेतात. मधुमेही महिलेने उपाशीपोटी साखरेची गोळी वा इन्सुलिन घेतल्यास साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते, म्हणून तारीख मिळतानाच 'खाऊन यायचे की उपाशी?' हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबान ही रक्त न गोठू देणाऱ्या औषधांची प्रचलित नावे. कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये अॅस्पिरिन असते, हे अनेकांना ठाऊक नसते. या औषधांमुळे डाग पडण्याचे प्रमाण थोडे वाढते. तरीही कमी जोखमीच्या सुईबायोप्सीसाठी ती नेहमीच थांबवावी लागतात असे नाही. अनेकदा ती चालू ठेवून, अधिक वेळ दाब देऊन तपासणी सुरक्षितपणे पार पाडता येते. हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवलेल्या किंवा कृत्रिम झडप असलेल्या महिलेने ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. स्तनावरचा डाग दोन आठवड्यांत जातो. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी काही मिनिटांत हृदयविकाराचा झटका आणू शकते.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे पिशवीत घालून सोबत नेणे. आयुर्वेदिक काढे, चूर्णे आणि दुकानातून आपणहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही त्यात असाव्यात.

बायोप्सीनंतरचे दोन दिवस

सुई काढल्यानंतर साधारण १० ते १५ मिनिटे जागेवर सलग दाब दिला जातो. रक्तदाब जास्त असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास हा वेळ वाढवतात. या काळात रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी वारंवार कापूस उचलू नये; धरलेले बूच त्याने सुटते. त्यानंतर पट्टी लावून थोडा वेळ बसवून ठेवतात. लांबून आलेल्या महिलांनी ही विश्रांती बसची वेळ गाठण्यासाठी टाळू नये.

घरी आल्यावर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, थोड्या थोड्या वेळाने लावावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. घट्ट आधार देणारी ब्रा पहिले एक-दोन दिवस रात्रीही वापरावी. दुखल्यास पॅरासिटामॉल ही सहसा योग्य गोळी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी बिंबिकांचे काम मंदावते आणि रक्तदाबही वाढू शकतो, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत.

पहिले एक-दोन दिवस जड उचलणे टाळावे, ही सूचना सांगायला सोपी पण पाळायला कठीण. विहिरीचे पाणी, सरपणाची मोळी, काजूच्या बागेतील वेचणी, बाजारातील भाजीची टोपली ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. म्हणून ही सूचना महिलेपेक्षा तिच्या घरच्यांनी ऐकायला हवी. दोन दिवस कळशी दुसऱ्या कोणी उचलली, तर तो उपचाराचाच भाग ठरतो.

त्वचेवरचा डाग आधी निळसर, मग हिरवट आणि शेवटी पिवळसर होत एक-दोन आठवड्यांत जातो. तो खाली सरकताना दिसला, तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र सूज भराभर वाढत असेल, पट्टी भिजत असेल आणि सलग पंधरा मिनिटे दाब देऊनही रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल किंवा वेदना असह्य होत असतील, तर जागेवर दाब तसाच ठेवून ताबडतोब जवळच्या इस्पितळात जावे. काही दिवसांनी ताप, लाली, उष्णता वा पू दिसल्यास तो जंतुसंसर्ग असू शकतो. गाठीच्या जागी नाडीसारखे ठोके जाणवत असल्यास, प्रसंग दुर्मीळ असला तरी, सोनोग्राफी करून घ्यावी.

तयारी गावातच सुरू व्हावी

पेडणे तालुक्यात तुये आणि कासारवर्णे, तर डिचोली तालुक्यात डिचोली शहर, साखळी आणि मये येथे सरकारी आरोग्य केंद्रे आहेत. बायोप्सीची तारीख मिळाल्यावर उरलेल्या दिवसांत येथे दोन-तीनदा रक्तदाब मोजून कागदावर लिहून घेता येतो. तो सतत जास्त येत असेल, तर तारखेच्या दिवशी बांबोळीला किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पोहोचून परत फिरण्याऐवजी, औषधाची मात्रा आधीच बदलून घेता येते. दोन आठवड्यांची ही पूर्वतयारी दोन महिन्यांचा विलंब वाचवू शकते.

तरीही एखाद्या वेळी रक्तदाब जास्त भरला आणि बायोप्सी पुढे ढकलली गेली, तर रिकाम्या हाताने परतू नये. नवी तारीख, रक्तदाबासाठी कोणाला भेटायचे आणि कोणत्या आकड्यापर्यंत तो आणायचा, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. बायोप्सी झाली असेल, तर अहवाल कधी आणि कोठे मिळेल हेही विचारावे. अहवाल आणायलाच न जाणे, हाही विलंबाचाच एक प्रकार आहे.

सुई लावल्याने गाठ चिघळते किंवा कर्करोग शरीरभर पसरतो, हा समज आजही अनेक महिलांना इस्पितळापासून दूर ठेवतो. त्याला शास्त्रीय आधार नाही. बायोप्सीमुळे उपचाराची दिशा ठरते आणि स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हा दिलासाही त्याच अहवालातून मिळतो. बायोप्सीच्या दिवशी पहाटे घरातून निघताना न्याहारीचे दोन घास, नेहमीची प्रेशरची गोळी, औषधांची पिशवी, रक्तदाबाच्या नोंदींचा कागद आणि सोबतीला घरचे एक माणूस, एवढी शिदोरी पुरेशी आहे.